ठाण्याच्या खाडीकांठची सहल

मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला नांवाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या उत्तरेकडील दाट अरण्यांत टिकाल हें माया लोकांचें प्राचीन नगर पडलेलें आहे. झाडांच्या शेंड्यांवर डोकावणारीं उंच देवळें आणि त्यांच्याच आसपास वावरणारीं वानरें व रंगीबेरंगी पक्षी असा तेथील देखावा असल्यामुळें, इ. स. १९७९ मध्यें युनेस्कोनें त्या स्थळाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती निसर्ग आणि संस्कृति या दोन्ही सदरांखालीं केली. सृष्टिहि पाहावयाची आणि इतिहासहि पाहावयाचा, अशा दुहेरी हेतूनें घराबाहेर पडणाऱ्या प्रवाशास असें ठिकाण म्हणजे पर्वणीच होय. नौपाड्यांतील सुखवस्तु कुटुंबांतूनहि हल्लीं अशा दूरच्या सफरींचे बेत होतात. नकाशे पसरले जातात, विमानाचीं भाडीं विचारलीं जातात, पावसाचे महिने कोणते नि कोरडे कोणते याची चौकशी होते. ही हौस स्तुत्यच आहे. परंतु हाच चौकसपणा घराभोंवतालच्या वीस-पंचवीस मैलांच्या मुलखाला लावून पाहावा, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

नौपाड्यापासून कान्हेरीचीं लेणीं सरळ रेषेनें मोजलीं तर अवघ्या सात-आठ किलोमीटरांवर आहेत. मध्यें येऊरचा डोंगर आहे, एवढेंच. तेथेंहि अरण्याच्या पोटांत शंभराहून अधिक लेणीं आहेत, बिबळ्या आहे, चितळ आहे. तरी ठाणेकराला तेथें जावयाचें म्हणजे घोडबंदरावरून वळसा घालून बोरिवलीच्या दरवाजानें शिरावें लागतें. ही केवळ रस्त्याची अडचण नव्हे. या मुलखांतील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांचें तोंड पाण्याकडे आहे, आणि आजचा प्रवासी तेथें मागील दारानें पोंचतो. तो जें पाहातो तें तुटक तुटक दिसतें, याचें कारण हेंच. ठाणें, कल्याण व सोपारा हीं तिन्ही मूळचीं बंदरें. त्यांना जोडणारी वाट पाण्याची. म्हणून सहलीचा बेत रस्त्यांच्या नकाशावरून न आंखतां खाडीवरून आंखावा, म्हणजे निसर्ग व इतिहास असे दोन वेगळे दिवस काढावे लागत नाहींत.

साष्टी बेटाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आणि उत्तरेस वसईची खाडी. उल्हास नदी कल्याणावरून उतरून वसईकडे जाते, आणि ठाण्याजवळ एका अरुंद फांट्यानें दोन्ही खाड्या एकमेकींस मिळतात. कल्याणाहून माल भरून निघालेली होडी ठाण्यास आली, म्हणजे तिला दक्षिणेस मुंबईकडेहि वळतां येई आणि पश्चिमेस वसई-सोपाऱ्याकडेहि. ठाणें हा असा पाण्यावरचा तिठा होता. तेथें राजधानी कां झाली, किल्ला कां झाला, त्यासाठीं एवढ्या लढाया कां झाल्या, हें या एका गोष्टीवरून उलगडतें.

खाडीवरून बेत आंखावयाचा म्हणजे प्रथम भरती-ओहोटीचें गणित हवें. हें गणित कोंकणांतील कोळी-खारव्यांच्या तोंडीं पूर्वापार आहे, आणि त्यास पंचांगापलीकडे कांहीं लागत नाहीं. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, जें येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, आणि ओहोटी दुपारीं बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या सुमारास उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी फारसें चढत नाहीं व फारसें उतरतहि नाहीं, त्याला भांग म्हणतात. हिशेब ढोबळ आहे आणि खाडीच्या आंत थोडी उशिरानें भरती येते, तथापि सहलीपुरता तो पुरेसा आहे. चेंदणीच्या कोळीवाड्यांत एखादा वृद्ध कोळी भेटला तर ताळा पाहावा.

पहिला दिवस शहरांतच घालवावा. मासुंदा तलाव आणि त्याच्या कांठचें कोपिनेश्वराचें देऊळ सर्वांस ठाऊक आहे, त्याविषयीं विस्तार नको. शिलाहारांचें ‘स्थानक’ तें हेंच शहर. इ. स. १७८७ मध्यें किल्ल्याच्या जागीं पायासाठीं खणतांना शके ९३९ चा एक ताम्रपट सांपडला. शिलाहार राजा अरिकेसरी याचें तें दानपत्र. त्याचें भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडांत छापलें गेलें, त्यामुळें हिंदुस्थानांतील जे प्राचीन लेख युरोपांत आरंभीं आरंभीं वाचले गेले त्यांत ठाण्याचा हा लेख आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें ‘ताना’ या राज्याचें वर्णन केलें. कमावलेलें कातडें, सुती कापड, आणि त्याबरोबरच चांचे !

किल्ल्याची हकीकत अधिक सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीज तो बांधीत असतां, काम पुरें होण्यापूर्वींच, इ. स. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें. वसईच्या मोहिमेचा हा आरंभ. दोन वर्षांनीं, १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें जिंकलें. पुढें गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यांस याच किल्ल्यांत कोंडण्यांत आलें, आणि १८१६ च्या सप्टेंबरांत ते तेथून निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. एक मोतद्दार घोड्याची चाकरी करतां करतां मराठींत गाणें म्हणे, त्यांतून निरोप जात, आणि पहारेकऱ्यांस त्यांतलें अक्षरहि कळत नसे, अशी कथा प्रसिद्ध आहे. बिशप हेबर १८२५ मध्यें या भागांत आला तेव्हां ती लोकांच्या तोंडीं होती, व त्यानें ती आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली. आज तेथें मध्यवर्ती कारागृह आहे. नाशिकच्या जॅक्सनवधाच्या खटल्यांतील अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं फांशी दिलें तें येथेंच. आंत सहलीस जातां येत नाहीं, हें बेत करतांना ध्यानांत ठेवावें. तट मात्र बाहेरून पाहातां येतो.

येथून स्टेशनाकडे यावें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली गाडी एकवीस मैल धांवून ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षीं खाडीवर पूल होऊन ती कल्याणास पोंचली. या घटनेचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो, व वाटावाहि. पण तिची दुसरी बाजू क्वचितच बोलून दाखविली जाते. रूळ आले, आणि शहरानें खाडीकडे पाठ फिरविली. धक्के ओस पडले, कांठावर भराव पडले, सांडपाणी सोडण्याची जागा एवढाच खाडीचा उपयोग उरला. सोपाऱ्यासारखीं बंदरें गाळानें बुजलीं त्यास शतकें लागलीं. ठाण्याच्या खाडीचें जें झालें तें चार-दोन पिढ्यांच्या देखत झालें.

म्हणूनच दुसरा दिवस ऐरोलीचा ठेवावा. खाडीच्या पूर्व कांठीं तेथें कांदळवनाचें माहितीकेंद्र आहे व तेथून होडीच्या फेऱ्या सुटतात. २०१५ मध्यें खाडीचा सुमारें सतरा चौरस किलोमीटरांचा भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला, आणि २०२२ मध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली. हिंवाळा लागला कीं हजारों रोहित येथें येतात व साधारण मे महिन्यापर्यंत राहातात. ओहोटीस उघड्या पडलेल्या चिखलांत त्यांचें चरणें चालतें. भरती चढूं लागली कीं चिखलाचे पट्टे अरुंद होत जातात आणि पक्षी दाटीनें एकत्र येतात, आणि होडीलाहि तेव्हांच पाणी मिळतें. फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात त्या यासाठींच. पंचांगाचा हिशेब येथें कामास येतो. दोन्ही बाजूंस तिवरांची हिरवी भिंत, मागें उंच इमारती, आणि मधल्या पाण्यावर गुलाबी रांगा. या खाडीवर एवढें सोसूनहि पक्षी येतात, याचें आश्चर्य वाटल्यावांचून राहात नाहीं.

कल्याणाकडची सहल दोन भागांत करावी. दुर्गाडीवरून उल्हास नदीचें पात्र नीट दिसतें. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आलें, आणि मराठ्यांच्या जहाजबांधणीचा आरंभ याच खाडींत झाला. त्याच्याहि दीड हजार वर्षें आधीं, ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याण व सोपारा या दोन्ही बंदरांचीं नांवें येतात. कल्याणास चुकून शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, अशी तक्रारहि त्यांत आहे. दुसरा भाग अंबरनाथचा. शके ९८२ चा लेख असलेलें तेथील शिवमंदिर हें शिलाहारांच्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. मात्र त्याच्या शेजारून वाहाणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या पाण्यानें नासलेली आहे. मुलांना मूर्ति दाखवून तिच्याकडे पाठ करून परत आणूं नये, नदीहि दाखवावी. नालासोपाऱ्यास १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप खणून काढला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाहि तेथेंच मिळाला. तेथें पाहाण्यासारखें थोडें उरलें आहे. अर्धा दिवस पुरे.

शेवटीं कान्हेरी. येथील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, चौलच्या दात्यांचीं नांवें आहेत. खाडीवरच्या व्यापाराचा पैसा डोंगरांत कसा मुरला, तें या लेखांवरून समजतें. तेथील एका लेण्यांत पहलवी लिपींत कांहीं जरथुष्ट्री प्रवाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत. इ. स. १००९ व १०२१ अशा दोन वर्षांत तीं मंडळी तेथें येऊन गेलीं. यज्ञ नव्हे, दान नव्हे. आले, पाहिलें, नांव व तिथि लिहून गेले. (आजच्या प्रवाशांनीं त्यांचें अनुकरण करूं नये.) त्यांच्या तिथी इंग्रजी कालगणनेनें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पडतात. हंगाम त्यांनीं योग्यच निवडला होता. लेण्यांच्या माथ्यावरून पावसाचें पाणी पन्हळींनीं टांक्यांत उतरविण्याची जी योजना आहे, ती पावसाळा नुकताच सरल्यावर, टांकीं कांठोकांठ भरलेलीं असतां, फार चांगली समजते. सोमवारीं उद्यान बंद असतें, तेवढा वार टाळावा.