भाताचं बाळ

मलाया द्वीपकल्पातल्या शेतकऱ्याची जुनी समजूत अशी, की भातालाही माणसासारखा जीव असतो आणि तो फार भित्रा असतो. या जीवाला मलय भाषेत 'सेमांगात' म्हणतात. विळा दिसला तर तो पळून जाईल, म्हणून बायका तळहातात लपेल एवढं पातं घेऊन एकेक लोंबी कापत. या पात्याचं नाव 'तुआई'.

वॉल्टर स्कीट हा सेलांगोरमधला इंग्रज अधिकारी. १८९७च्या जानेवारीत त्याने या जीवाला घरी आणण्याचा विधी पाहिला आणि १९००मध्ये 'मलय मॅजिक' या ग्रंथात नोंदवला. पहिल्या सात लोंब्या धुपावर धरून पांढऱ्या कापडात गुंडाळल्या, टोपलीत निजवल्या आणि वर छत्री धरून घरी नेल्या. घरधनिणीने पुढचे तीन दिवस बाळंतिणीचे नियम पाळायचे! लेकुरवाळ्या हातांनीच हे सुचवलं असणार, असं आपलं मला वाटतं.

मंत्र म्हणणाऱ्या जाणत्याला 'पावांग' म्हणत, रोग उतरवणाऱ्याला 'बोमोह'. त्यांचा 'मंतेरा' म्हणजे आपलाच मंत्र. त्यात बिस्मिल्ला असे, बटारा गुरू म्हणजे शंकर असे आणि रानातली 'हंतू' म्हणजे भुतंही असत. मुसलमान झालेल्या समाजाने जुने देव हाकलले नाहीत, जरा सरकून बसायला सांगितलं. जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'दातुक' म्हणजे आजोबा म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसंच हे.

बोमोहच्या धुपाने हिवताप जात नव्हता, हे खरंच. पण सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होताना भाताला दुखवू नये ही माया कुठे ठेवायची?

केलांतान राज्यात 'माक योंग' हे नृत्यनाट्य आजाऱ्याला बरं करण्यासाठीही होई. १९९१मध्ये तिथल्या सरकारने धर्माविरुद्ध म्हणून त्यावर बंदी घातली. २००५मध्ये युनेस्कोने त्याच कलेचा गौरव केला. बंदी २०१९मध्ये उठली, तीही शरियतला धरून प्रयोग करण्याच्या अटींवर. मुसलमान घरात वाढलेल्या मला हा वाद परका वाटत नाही. पीर-दर्ग्यांवरून असले वाद आपल्याकडेही होतात.

भाताच्या जीवावर मात्र कोणी बंदी घातली नाही. केदाहच्या सपाटीवर १९७०च्या दशकात कालव्यांमुळे दुबार पीक आलं, मागोमाग कापणीची यंत्रं आली. त्यांचा आवाज लांबूनच ऐकू येतो.