'नार्कोस', व्हाया चंद्रपूर

मंडळी, 'नार्कोस' पाहिली असेलच. ऑगस्ट 2015 मध्ये आली. कोलंबियाचा एस्कोबार, कोकेनचा धंदा आणि त्यात फरफटलेलं त्याचं घरदार. आपल्याकडे असलं काही नसतं असं वाटत असेल, तर जरा चंद्रपूरकडे बघा. माल फक्त वेगळा, दारू!

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरातल्या बायकांनीही तीच मागितली. 2010 मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गारने चिमूरहून थेट नागपूर अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. शेवटी 1 एप्रिल 2015 ला बंदी लागू झाली.

दुकानं बंद झाली, पण पिणारे थोडेच थांबतात? बाहेरच्या जिल्ह्यांतून चोरून पेट्या यायला लागल्या. भाव वाढला, तशी धंद्यातली हिंमतही. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीड भागात दारू तस्करांच्या गाडीने एका फौजदाराला चिरडून मारलं.

आणि घरं? 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने बंदी उठवायचं ठरवलं, तेव्हा एक कारण दिलं गेलं की चोरट्या दारूच्या धंद्यात बायका-मुलंही ओढली गेली. म्हणजे बघा, बंदीसाठी पाय झिजवणाऱ्या बायकाच आणि बाटल्या पोचवताना पकडल्या जाणाऱ्याही बायकाच.

बंदी फसली म्हणून हात झटकणं सोपं आहे हो. पण मोर्चातल्या बाईला संध्याकाळी शुद्धीवर घरी येणारा नवरा हवा होता. परवान्याचं दुकान परत उघडून तो कसा मिळणार?