मांसतपासणी : चंद्रपूर व गडचिरोली

मांसतपासणी म्हणजे कापायच्या जनावराची आधी चाल, ताप व स्राव पाहणे आणि कापल्यावर काळीज, फुप्फुस, प्लीहा व लसिका ग्रंथींतून रोगाची खूण शोधणे. कौटिलीय अर्थशास्त्रात स्वतःहून मेलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या, तसेच डोके-पाय नसलेल्या जनावराचे मांस विकण्यास मनाई आहे. नुसत्या धडावरून जनावराची पारख होत नाही, हे तेव्हाही कळले होते. आज 2001 च्या केंद्रीय कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. नियम चांगला आहे, पण तो कत्तलखाना गृहीत धरतो. या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात बोकड आठवडी बाजारात कापला जातो, कोंबडा आणि डुक्कर देवकार्यात. म्हणून इथे तपासणी सुरी धरणाऱ्याच्या हाती गेल्याखेरीज ती होणारच नाही.

त्याला काहीच कळत नाही असे नव्हे. धानाच्या बांध्या आणि बोड्यांतील (लहान तळ्यांतील) गोगलगायींमुळे पसरणारा पर्णकृमी काळजाच्या जाड झालेल्या नळीतून बाहेर पडला, की खाटीक तो भाग कापून टाकतो. मात्र पाण्याने भरलेली जलपुटी असलेले काळीजही तो शेजारी बसलेल्या कुत्र्यापुढेच टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात त्या पुटीतून फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे चराईत येतात आणि शेळीला, कधी माणसालाही, पुन्हा जलपुटी होते. नजर बरोबर असूनही विल्हेवाट चुकते ती अशी.

नीट शिजवले की सारे मरते, असा आक्षेप घेतला जातो. डुकराच्या मांसातील साबुदाण्यासारख्या कृमिपुटींबाबत तो खरा आहे. फाशी रोगाचे बीजाणू मात्र साध्या उकळीला दाद देत नाहीत, आणि सोलणाऱ्याच्या हातावर जखम असली तर मांस चुलीवर चढण्याआधीच लागण होते. जनावर अचानक मेले आणि नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर त्याला सुरी लावायचीच नाही. उघडल्यावर जंतूंना हवा मिळून बीजाणू बनतात व माती वर्षानुवर्षे दूषित राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षयाची गाठ अप्रशिक्षित डोळ्याला ओळखू येईलच असे नाही. म्हणूनच मांस निर्धोक ठरवण्याचा अधिकार खाटकाला देऊ नये; संशय आला की थांबणे आणि पशुधन विकास अधिकाऱ्याला बोलावणे, एवढेच त्याचे काम. उमेद अभियानाच्या पशुसखी गावात शेळ्या-कोंबड्यांची देखभाल शिकवतातच. त्यांच्या प्रशिक्षणात या खुणा घालाव्यात, आणि बाजार भरवणाऱ्या ग्रामपंचायतीने टाकाऊ अवयवांसाठी कुत्री उकरणार नाहीत असा खोल, झाकलेला खड्डा राखावा.