धावेपासून टायरपर्यंत : शेत आणि रस्ता एकाच चाकावर



ट्रॅक्टरचे मागचे टायर गोटा झाले की लोक विचारतात, "भाऊ, कोणतं टायर टाकू?" कंपनीचं नाव सांगण्याआधी मी चाकाची जुनी गोष्ट सांगतो. शेतात चालणारं चाक रस्त्यावर खराब आणि रस्त्यावरचं शेतात खराब, हे भांडण जुनंच आहे.

आपल्या खान्देशात आधी लाकडी चाकाची गाडी होती. मधे तुंबा, त्यात आरे, वरून लोखंडी धाव. लोहार धाव लालबुंद तापवायचा, चाकावर चढवायचा आणि पाणी टाकायचा, की ती आवळून बसायची. चाक उंच, म्हणून गाडी नाल्यातून, चिखलातून निघायची. पण सगळं वजन दोन-तीन बोटांच्या पट्टीवर. रस्त्याची खडी फुटायची, चाकोरी पडायची, बैलाच्या मानेला हिसके बसायचे.

हवेचं टायर चालू केलं ते जनावरांच्या डॉक्टरनं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जॉन बॉइड डनलॉप यानं १८८८ साली बेलफास्टला मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते बनवलं. आपल्याकडे बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला त्याच नावाच्या कंपनीचा टायर कारखाना १९३६ साली सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली होती. म्हणजे टायरचा कारखाना आला तरी मान बैलाचाच होता.

पुढे टायरगाडी आली. तेवढ्याच बैलांवर माल जास्त जायला लागला, रस्ताही वाचला. पण चाक बुटकं. ओल्या काळ्या रानात ती आखापर्यंत रुतायची, आणि बाभळीचा काटा तर पाचवीला पुजलेला. म्हणून कित्येक घरांत दोन्ही गाड्या असायच्या.

ट्रॅक्टरचंही तसंच झालं. जुन्या ट्रॅक्टरला लोखंडी चाकं, त्यावर लोखंडी दात. नांगरटीला पकड चांगली, पण रस्ता उखडायचा आणि चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास ॲलिस-चाल्मर्स कंपनीनं फायरस्टोनचे हवेचे टायर ट्रॅक्टरला लावले. लोकांना पटावं म्हणून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९४० पर्यंत तिथले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले. मग महायुद्धात जपाननं मलाया घेतला, रबर तुटलं आणि काही ट्रॅक्टर परत लोखंडी चाकावर गेले. लोखंडाचे दात रबराचे झाले, एवढाच बदल. तिरपे दात, मधे मोकळी जागा. चाक फिरताना त्या जागेतून चिखल झडतो.

आता आपल्या कामाचं. रस्त्यावर या टायरचं वजन फक्त दातांवर येतं, म्हणून ट्रॉली ओढताना दात लवकर झिजतात. हवा जास्त असली तर मधूनच झिजतात. वाहतुकीच्या टायरचे दात बुटके आणि रुंद असतात. ते रस्त्यावर टिकतात, पण ओल्या रानात मधली जागा चिखलानं भरते आणि चाक जागेवर फिरतं.

म्हणून आधी वर्षाचे तास मोजा. यावल-रावेरच्या भारी काळ्या जमिनीत नांगरट, रोटाव्हेटर जास्त असेल तर खोल दाताचं टायर घ्या. वर्षातला निम्म्याहून जास्त वेळ ट्रॉली घेऊन महामार्गावर असाल तर वाहतुकीच्या नक्षीचं. साक्रीकडच्या मुरमाड, दगडी रानात दातापेक्षा टायरची बाजू किती भक्कम आहे ते आधी बघा. नक्षी कोणतीही घ्या, हवा मात्र कामाप्रमाणे बदला. शेतात कमी, भरल्या ट्रॉलीला जास्त, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. वाफसा नसताना टणक टायर रानात घातलं की जमीन दाबली जाते, आणि ते नुकसान पुढच्या पिकाला भोगावं लागतं.

जुनं टायर बदलायचं की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. चाकावर खडूची खूण करा. अवजार उचलून १० फेरे चालवा, अंतर मोजा. मग त्याच रानात नांगर लावून १० फेरे. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर चाक घसरतंय, डिझेल वाया जातंय. आधी मागचं वजन आणि हवा तपासा. ते बरोबर असेल तर दात संपले असं समजा.

धावेच्या गाडीला पोळ्याला रंग देणारी म्हातारी माणसं अजून गावागावात आहेत. टायरच्या दुकानात जाण्याआधी त्यांच्याजवळ घडीभर बसा. कोणत्या रानाला कोणतं चाक, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, रस्त्यानं आणि रानानंच शिकवलं.