कोष्टकातलं आयुष्य

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि बाळाचं आयुष्य लिहून जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. माझ्या आजीनं तो कागद नऊ वेळा ठेवला. मुलं किती, असं कुणी विचारलं की ती दोन आकडे सांगायची: झाली नऊ, राहिली पाच. पहिली दोन गेली म्हणून तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं. नकोशा नावाच्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, असं सगळेच मानत. गावोगावचे कितीतरी दगडू, धोंडू, कचरू, केरू हे असे आधीच्या भावंडांमागे उरलेले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या घरात होतं, असं कुठं वाचलं की मला आजीचे ते दोन आकडे आठवतात. कारण या वाक्याचा अर्थ पुष्कळांना उलटा लागतो. तेविशीत कुणी म्हातारं होत नव्हतं, आणि सगळे तेविशीत मरतही नव्हते. साठीची शांत तेव्हाही व्हायची, सहस्रचंद्रदर्शनाचे सोहळेही व्हायचे. मग हा २३ आला कुठून?

आयुर्मान म्हणजे आयुष्याचं माप. ते घ्यायची ओढ फार जुनी. ज्योतिषात त्यासाठी आयुर्दायाचं गणित आहे. अल्पायू, मध्यायू, दीर्घायू अशा पायऱ्या आहेत. विंशोत्तरी दशा तर १२० वर्षांची. पण हे माप एकेकट्या माणसाचं, त्याच्या पत्रिकेवरून काढलेलं. सबंध गावाचं माप एकत्र घ्यावं, ही कल्पना निघाली लंडनमध्ये, आणि ती सुचली एका दुकानदाराला.

जॉन ग्राँट हा शिवणकामाच्या किरकोळ मालाचा व्यापारी. प्लेगच्या भीतीनं लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंचा छापील कागद निघत असे. कुणी गेलं की नेमलेल्या म्हाताऱ्या बायका घरी जाऊन प्रेत बघत आणि कारण सांगत. ते कारण कागदावर येई, वय मात्र येत नसे. ग्राँटनं वर्षानुवर्षांचे कागद जमवले आणि जंत, आकडी, मुडदूस, दात येण्याचा त्रास असे पोरवयातले आजार वेगळे काढून मोजले. १६६२ साली त्याचं पुस्तक आलं. जन्मलेल्या १०० पैकी ३६ जण सहा वर्षांच्या आत जातात, असा त्याचा हिशेब. सोळाव्या वर्षी उरतात ४०, छप्पन्नाव्या वर्षी ६ आणि शहात्तराव्या वर्षी एक. मधले बरेचसे आकडे अंदाजाचे होते. पण माणसांच्या एका पिढीची उतरती रांग कागदावर अशी पहिल्यांदाच मांडली गेली.

सात वर्षांनी, १६६९ मध्ये, हॉलंडमधले दोन भाऊ पत्रांतून याच रांगेवर वाद घालत होते. लोडेवाइक हायगेन्सनं सगळ्यांची वर्षं मिळवून शंभरानं भागली. सरासरी आली १८ वर्षांच्या थोडी वर. त्याचा भाऊ क्रिस्तियान, शनीचं कडं ओळखणारा शास्त्रज्ञ, म्हणाला की हा एक प्रश्न झाला. निम्मी माणसं कोणत्या वयापर्यंत संपतात, हा दुसरा. त्याचं उत्तर येतं अकराच्या आसपास. माझ्या मते आयुर्मान हा शब्द नीट कळण्याची सुरुवात इथं आहे. सरासरी हे कुणाचं ठरलेलं वय नव्हे. लवकर गेलेल्यांची तूट उरलेल्यांवर वाटली की जे येतं, ती सरासरी.

खरी वयं मिळाली ब्रेस्लाउमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात. सात आणि नऊच्या पटीतली वर्षं, त्यातही ४९ आणि ६३, घातक असतात, असा तिकडे समज होता. आपल्याकडे सत्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातली सातवी रात्र भीमरथी म्हणून कठीण मानतात, तशातलाच. कास्पार नॉयमान या धर्मगुरूनं मृतांची वयं तपासली, आणि त्या वर्षांत जास्त माणसं मरत नाहीत असं त्याला दिसलं. त्याचे १६८७ ते १६९१ चे आकडे लंडनला एडमंड हॅलीकडे पोचले. हा धूमकेतूवाला हॅली. १६९३ मध्ये त्यानं कोष्टक छापलं.

त्यातली एक ओळ लावून बघा. वय ३०, समोर ५३१, म्हणजे त्या वयाची जिवंत माणसं. निम्मे झाले २६५. हा आकडा खाली शोधत गेलं की तो ५७ आणि ५८ च्या मध्ये सापडतो. म्हणजे तिशीतल्या माणसानं आणखी २७-२८ वर्षांची आशा धरायला हरकत नाही. आता जन्मापासून बघा. वर्षाला १२३८ मुलं जन्मत आणि सतराव्या वर्षी उरत ६१६. तीस वर्षं काढलेल्याला पुढं सत्तावीस, आणि नुकत्याच जन्मलेल्याला जेमतेम सतरा! सगळी पडझड कोष्टकाच्या वरच्या ओळींत आहे.

विमा उभा राहिला तो या कोष्टकावर. लंडनच्या एका संस्थेनं ४५ च्या पुढे गेलास म्हणून जेम्स डॉडसन या गणितज्ञाला नाकारलं, तेव्हा वयानुसार हप्ता कसा ठरवावा याचं गणित त्यानं मांडलं. त्याच्या मृत्यूनंतर, १७६२ मध्ये, इक्विटेबल ही कंपनी त्या गणितावर सुरू झाली. आपल्याकडे परदेशी कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत. ते झुगारून गोऱ्यांच्याच दरानं विमा देणारी बॉम्बे म्युच्युअल मुंबईत निघाली १८७० च्या सुमारास. तिच्या पाठोपाठ १८७४ मध्ये ओरिएंटल आली.

पुढं जनगणनेच्या आकड्यांवरून जी. एफ. हार्डी या विमागणितज्ञानं हिंदुस्थानची कोष्टकं केली. वय विचारलं की लोक तीस, चाळीस असं ठोकून सांगत, त्यामुळे ते काम फार किचकट. नंतरच्या हिशेबांत १९११ ते १९२१ या दशकाचं आयुर्मान वीसच्या आसपास उतरलं. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएंझा त्या आकड्यात आहे.

आज देशाचं आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे. म्हातारे जास्त टिकतात, हे त्याचं एक कारण. पण मोठं कारण वरच्या ओळींतच आहे. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. लस, स्वच्छ पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, शिकलेली आई यांनी मुलं वाचवली. धोंडू हे नाव ठेवायची वेळ आता क्वचितच येते.

आजीच्या गेलेल्या चार बाळांची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. आजही दोन दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद करायचं दुःखात राहून जातं, किंवा नकोसं वाटतं. जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद २१ दिवसांत करायची असते. कुणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर जवळच्या माणसानं तेवढं काम अंगावर घ्यावं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन त्या बाळाचे दोन्ही दाखले करून घ्यावेत.