नावाचे वतन

भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या शिवेलगत, वडगाव रासाई वसले आहे. पुणे जिल्ह्यात वडगावे अनेक : मावळातले एक, शेरी म्हणून ओळखले जाणारे दुसरे, बारामतीकडील निंबाळकरांचे तिसरे, म्हणून दप्तरात आणि बोलण्यात देवीचे, घराण्याचे वा मुलखाचे नाव जोडून प्रत्येकाची ओळख राखली गेली, आणि एकाच नावाने अनेक गावे विनातक्रार नांदली. इंटरनेटवर ही सवड नाही. तेथे एक नाव एका वेळी एकाच्याच खाती नोंदले जाते, आणि जो प्रथम येईल त्यास ते मिळते. या एवढ्या नियमातून डोमेन नावे घेऊन ठेवण्याचा व विकण्याचा जो व्यापार उभा राहिला, त्याच्या नीतीचा विचार करताना आपल्या वतनसंस्थेकडे वळून पाहणे मला आवश्यक वाटते.

पाटीलकी ही नुसती चाकरी नव्हती. ती वंशपरंपरेची मिळकत होती, भावाभावांत वाटली जाई, गहाण पडे, आणि अडचणीच्या काळी निम्मी किंवा सगळी विकलीही जाई. दिल्लीच्या पातशाहीचा कारभार मुठीत आल्यावरही महादजी शिंदे स्वतःस पाटील म्हणवीत, यावरून त्या नावाचे मोल ध्यानी यावे. निम्मी पाटीलकी विकली, की कागदावर नांगराची निशाणी आधी कोणी करावी, होळीची पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे चालावा, टिळा व शिरपाव प्रथम कोणास, हे सारे मानपान खरेदीखतात तपशीलवार लिहावे लागत. मात्र हा व्यवहार गोताच्या, म्हणजे गावातील वतनदार-बलुतेदारांच्या जमावाच्या, देखत होई. बलुतेदारांच्या साक्षी पडत, कज्जा उपस्थित झाल्यास गोतसभा बसे, आणि तिचा निवाडा महजरात, म्हणजे निवाडपत्रात, नमूद होई. बनावट कागद करणारे आणि दुबळ्या भाऊबंदाचे वतन गिळणारे तेव्हाही होतेच. तथापि विकणारा कोण व घेणारा कोण, हे गावापासून लपत नसे. शिवाय १६३० च्या भीषण दुष्काळासारख्या आपत्तीत परागंदा झालेल्या वतनदाराचा वंशज पिढ्या उलटल्यावर परतला, तरी पुराव्यानिशी आपला हक्क सांगू शके.

डोमेन नावांचा इतिहास याहून फार तोकडा आहे. ‘डॉट कॉम’ची पहिली नोंद १५ मार्च १९८५ रोजी झाली, आणि पुढील दहा वर्षे नोंदणीस पैसाही पडत नसे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील डेनिस टोपेन याने पॅनाव्हिजन या चित्रपट-कॅमेऱ्यांच्या कंपनीचे नाव आपल्या खाती नोंदविले, त्या संकेतस्थळावर इलिनॉयमधील पाना नामक लहानशा गावाची छायाचित्रे लावली, आणि नाव सोडण्यासाठी कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. एका निरुपद्रवी गावाची अशी ढाल करण्याचा हा प्रयत्न १९९८ साली अपील न्यायालयात फसला. आपल्याकडे १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’ या संकेतस्थळाच्या नावातील एक अक्षर पालटून ‘रॅडिफ’ असे नाव घेणारास मनाई केली, आणि डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतक्याच संरक्षणास पात्र आहे असे ठरविले. २००४ साली सत्यम इन्फोवे या कंपनीच्या डोमेन नावाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, या विषयाचा स्वतंत्र कायदा नसताना, तोच मार्ग स्वीकारला.

परंतु नावे घेऊन ठेवणारा प्रत्येक जण लुटारू नव्हे. कोणाचीही मिरास नसलेला सामान्य शब्द दूरदृष्टीने घेऊन, वर्षानुवर्षे शुल्क भरून, पुढे वाजवी किमतीस विकणे यात मला अधर्म दिसत नाही; उलट बड्या कंपन्या खोट्या फिर्यादी करून असे नाव बळकावू पाहतात, तोही अन्यायच होय. दोष तेथे सुरू होतो, जेथे नावाचे मोल दुसऱ्याच्या श्रमाने वाढलेले असते आणि घेणाऱ्याचा डोळा त्या श्रमावर असतो. नूतनीकरणाची तारीख चुकली, की काही आठवड्यांची मुदत सरताच ते नाव टपून बसलेल्याच्या हाती जाते, आणि कालपर्यंत शाळेची वा संस्थेची माहिती देणाऱ्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात; घेणाऱ्याचे नाव नोंदवहीत बहुधा झाकलेले असते. परागंदा वतनदारास जो न्याय होता तो येथे नाही, आणि गोताची साक्षही नाही.

गावांची स्थिती तर अधिकच दुबळी आहे. बार्सिलोनासारख्या महानगराच्या पालिकेचाही आपल्या नावाच्या ‘डॉट कॉम’वरील दावा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००३ साली फेटाळला, कारण स्थळाचे नाव म्हणजे व्यापारचिन्ह नव्हे, मग आपल्या खेड्याचा टिकाव कोठून लागावा? २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी शेपटाची नावे मराठीतही मिळू लागली आहेत. तेव्हा वडगाव रासाईच्या आणि भीमाकाठच्या सर्वच गावांच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे, की गावाचे नाव ठराव करून घ्यावे, ते संकेतस्थळ बांधून देणाऱ्या ठेकेदाराच्या नव्हे तर ग्रामपंचायतीच्याच खाती नोंदवावे, आणि नूतनीकरणाची तारीख घरपट्टीच्या तारखेइतक्याच काळजीने दप्तरी लिहून ठेवावी.