डॉक्टरांनी विषय काढायचा की नाही?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा इच्छामरणाचा कायदा २०१७ साली संमत झाला आणि १९ जून २०१९ पासून लागू झाला. त्यातलं आठवं कलम डॉक्टर-नर्सेसच्या तोंडाला कुलूप लावणारं होतं. रुग्ण मरणपंथाला लागलेला असला, कायद्याच्या सगळ्या अटींत बसत असला, तरी त्याने विचारल्याखेरीज त्यांनी हा विषय काढायचा नाही. काढला तर ते व्यावसायिक गैरवर्तन. रुग्णाने विचारलं की माहिती द्यायला मात्र मोकळीक.

या मनाईची पाळंमुळं प्राचीन ग्रीसपर्यंत जातात. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य दोन गोष्टी वर्ज्य मानतो: कुणी मागितलं तरी प्राणघातक औषध द्यायचं नाही, आणि तसं सुचवायचंही नाही. व्हिक्टोरियाने पहिला निर्बंध सैल केला, दुसरा जपला, असं मला दिसतं.

तो जपणं भाग नव्हतं. ओरेगॉनमध्ये १९९७ पासून कायदा चालू आहे, कॅनडात २०१६ पासून. दोन्हीकडे अशी मनाई नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या पाठीशी एक कटू अनुभव होता. नॉर्दर्न टेरिटरीने १९९५ मध्ये केलेला कायदा १९९६ च्या जुलैत अमलात आला आणि १९९७ च्या मार्चमध्ये केंद्राच्या संसदेने तो निष्प्रभ केला. तेवढ्या अवधीत चौघांनी त्याचा आधार घेतला होता. पुढची वीस वर्षं राज्याराज्यांत विधेयकं पडत राहिली. म्हणून व्हिक्टोरियाचं सरकार ६८ सुरक्षा-तरतुदी घेऊन उभं राहिलं. आठवं कलम त्याच सावधगिरीतून आलं.

त्यामागची भीती खोटी नव्हती. डॉक्टरांचा शब्द रुग्णाला जड असतो. ‘हाही एक मार्ग आहे’ एवढं म्हटलं, तरी थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आता आटोपतं घ्या’ असं ऐकू येऊ शकतं. न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियानेही हीच मनाई स्वीकारली.

पण विचारायचं कुणी? ज्याला असा कायदा आहे हे ठाऊक आहे, त्याने. उतारवयात मुलांकडे मेलबर्नला जाऊन कायमची राहिलेली मराठी आई घ्या. इंग्रजी बेताचं, डॉक्टरांशी बोलायला मध्ये मुलगा. आजाराचं खरं स्वरूपही तिच्यापर्यंत गाळून पोचतं. ती कोणत्या तोंडाने विचारणार? आणि मुलगा मागणी करू म्हणेल तर कायदा ती मानत नाही. मागणी रुग्णाचीच हवी. दडपणापासून वाचवायला निघालेलं कलम तिला अंधारात ठेवतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये वेगळी वाट काढली. डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर विषय काढू शकतात, पण त्याच बोलण्यात उरलेले उपचार, वेदनाशामक सेवा आणि त्या दोन्हींतून काय साधेल, हेही सांगायला हवं. टास्मानिया, क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स याच वळणाने गेले. मला ही वाट खरी सुरक्षित वाटते, कारण ती रुग्णाला पूर्ण चित्र देते आणि डॉक्टरांच्या शब्दाचं वजनही विसरत नाही.

२०२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने ही मनाई उठवणारं दुरुस्ती विधेयक संसदेत आणलं. न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियानेही आता तेच करावं.